तेवत्या दिव्याची काजळी

नवरात्रात आमच्या घरी नऊ दिवस नंदादीप असतो. घटाशेजारी पाटावर पितळेची समई, तिच्यात तिळाचे तेल आणि आईने हातावर वळलेली जाडशी वात. हा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही. तेल घालणे सोपे असते. रात्री निजताना आणि पहाटे उठल्यावर कोणीही घालावे. खरी कसोटी लागते ती काजळी काढताना. वात जळत जाते, तिच्या टोकाला काळा गोंडा धरतो, ज्योत मंदावते, धुरकट होते. तो गोंडा झाडला नाही तर दिवा गुदमरतो आणि झाडताना हात चुकला तर दिवा जातो. आईने हे काम आजवर कोणाला करू दिले नव्हते. यंदा तिचा हात थरथरू लागला. तिसऱ्या माळेला तिने मला हाक मारली आणि चिमटा माझ्या हातात दिला. मी पुढे वाकलो तशी ती म्हणाली,

"थांब. आधी दुसरी लाव."

तिने निरांजन पुढे केले. समईच्या ज्योतीवर मी ते लावून घेतले.

"हं, आता काढ काजळी. गेली तरी बिघडत नाही. याच्यावरून परत लावायची. दिवा तोच."

काजळी निघाली, ज्योत वर चढली, आई जपाला बसली. मी मात्र चिमटा हातात धरून तसाच उभा राहिलो. कारण श्रावणात पुण्याला असताना माझा एक जुना विद्यार्थी रात्री दीड वाजता मला हीच गोष्ट समजावून देत होता. त्याच्यापुढे समई नव्हती, लॅपटॉप होता, एवढाच काय तो फरक.

मी वाईला एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर दहावीपर्यंतचे. आमची आई त्याला अजून मॅट्रिकच म्हणते. कंप्यूटरशी माझा संबंध शाळेचे निकाल भरण्यापुरता, आणि तेसुद्धा शेजारी आठवी-नववीतला एखादा चलाख मुलगा बसवून. अशा माणसाने जावा नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेविषयी दिवाळी अंकात लिहावे, हे जरा अतीच झाले असे तुम्ही म्हणाल. मलाही तसे वाटते. पण त्या रात्री जे कळले ते मला अजून सोडत नाही. तेव्हा सोसून घ्या.

नव्या कादंबरीची मुद्रिते तपासायला मला दोन दिवस पुण्यात राहायचे होते. ही बातमी वाईहून कोणीतरी त्याला पोचवली असावी. त्याचा फोन आला, "सर, लॉजवर कशाला उतरता? वाकडला आमचं घर आहे. तुम्ही आलंच पाहिजे." मी कचरलो. का, ते पुढे सांगेन. पण त्याने फारच धरले आणि मी गेलो. नवव्या मजल्यावरचे नेटके घर, हसतमुख बायको, सहा वर्षांची मुलगी. तिने मला आल्याआल्या 'आजोबा' करून टाकले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला आजोबा म्हणणारी ती पहिलीच!

जेवणे झाल्यावर ती मुलगी चित्रांची वही घेऊन माझ्याजवळ आली. "आजोबा, तुम्ही चित्रांचे सर आहात ना? मग बघा."

मी हात पुढे केला. तेवढ्यात तिच्या बापाचाही हात पुढे आला; वही धरण्यासाठी. "राहू दे गं, सर दमलेत," तो घाईने म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हते. होते ते हातात. मूल रस्त्याकडे धावू लागले की आईचा हात जसा आपोआप पुढे होतो, तसा तो हात होता. मी त्याच्याकडे पाहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर वळवली. वही परत दप्तरात गेली.

नव्या जागेत मला झोप येत नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर पाणी प्यायला बाहेर आलो, तर दिवाणखान्यातल्या टेबलाशी हा बसलेला. समोर पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या वर सरकत होत्या आणि हा दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला होता.

"काय रे, काय चाललंय?"

"वाट बघतोय, सर."

"कशाची?"

"सर्व्हर परत चालू व्हायची. बसा ना. दोन मिनिटं लागतील."

मी बसलो. तो एका बँकेसाठी कर्जाच्या अर्जांचा मोठा प्रोग्राम लिहिण्याच्या कामावर आहे. तो प्रोग्राम ज्याच्यावर चालतो तो सर्व्हर. त्याची एक प्रत त्याच्या लॅपटॉपवरच चालू होती. व्याजाच्या हिशेबात एक चूक होती. ती त्याने दुरुस्त केली. दुरुस्ती केवढी? एका ओळीत 'पेक्षा मोठे' अशी खूण होती, तिथे 'पेक्षा मोठे किंवा तितकेच' एवढी खूण केली. पण बदल बरोबर झाला की नाही हे पाहायला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला हवा. तो चालू होताना डेटाबेसशी नव्याने संधान बांधतो, शेकडो गोष्टी नव्याने मांडतो. मग पुन्हा आत शिरायचे, पुन्हा खोटाच एक अर्ज भरायचा, पाच-सहा पडदे ओलांडायचे आणि त्या हिशेबाशी पोचायचे. आणि तिथे चूक अजून शिल्लक दिसली, तर पुन्हा पहिल्यापासून.

"दिवसातून असं किती वेळा होतं?"

"मोजलं नाही कधी. तीसेक वेळा तरी. वेळ जातो त्याचं एवढं नाही, सर. दोन मिनिटांत डोक्यातला धागा तुटतो. काय बघायचं होतं तेच विसरायला होतं."

हे मला पटले. मुद्रिते तपासताना कोणी दार वाजवले की माझेही तेच होते.

"पण तू ओळ बदललीस ना? मग त्या चालणाऱ्या प्रोग्रामला ती दिसत कशी नाही?"

तो हसला. चांगला प्रश्न विचारणाऱ्या पोराकडे पाहून मास्तर हसतो तसा. आमच्या जागा केव्हा बदलल्या ते मला कळले नाही.

"सर, जावामध्ये सगळा प्रोग्राम क्लासेसमध्ये लिहिलेला असतो. क्लास म्हणजे—"

"वर्ग."

"हो, वर्गच! आपण लिहितो ती माणसाला वाचता येईल अशी भाषा. तिचं आधी बाइटकोडमध्ये रूपांतर होतं. मग एखाद्या वर्गाची पहिल्यांदा गरज पडली की त्याला फाइलमधून उचलून मशीनच्या स्मरणात आणून बसवणारा एक असतो. त्याला क्लासलोडर म्हणतात. एकदा बसवला की बसवला. मग मशीन त्या फाइलकडे परत ढुंकूनही बघत नाही."

"म्हणजे सकाळी शिपायानं वर्ग उघडून दिला, पोरं बसली. मग ऑफिसात वेळापत्रक बदललं तरी वर्गात जुनंच चालू."

"अगदी तसंच. नवं लागू करायचं तर शाळा सोडायची आणि परत भरवायची."

मग त्याने मला थोडा इतिहास सांगितला. जेम्स गॉस्लिंग आणि त्याचे सोबती १९९१ साली अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत या भाषेच्या कामाला लागले. पहिले नाव 'ओक'. गॉस्लिंगच्या खिडकीबाहेर ओकचे झाड होते म्हणून. १९९५ साली ती जगापुढे आली तेव्हा तिचे नाव कॉफीवरून जावा झालेले होते. पुढे २०१० साली ती कंपनीच ओरॅकलने घेतली. २००२ साली जावाची १.४ ही आवृत्ती निघाली आणि तिच्यात 'हॉटस्वॅप' नावाची सोय आली. चालत्या प्रोग्रामात, त्याला न थांबवता, एखाद्या वर्गाचा कोड काढून तिथे नवा घालायचा.

"मग झालं तर! दोन मिनिटं कशाला बसलायस?"

"त्याला अटी आहेत, सर."

त्या अटी मी नीट ऐकल्या आणि मला माझीच एक जुनी फजिती आठवली. माझी दुसरी कादंबरी एका साप्ताहिकात क्रमशः येत होती. नायक एकुलता एक, असे मी पहिल्या प्रकरणात लिहून बसलो होतो. अकराव्या प्रकरणात मला त्याची एक थोरली बहीण पाहिजे झाली. तिच्यावाचून गोष्ट पुढे सरकेना. संपादकांना विचारले तर ते म्हणाले, "नायकानं पुढे काय करायचं ते तुम्ही पाहिजे तसं बदला. पण छापून गेलेल्या घरात आता माणूस वाढवू नका." हॉटस्वॅपची अट हीच. वर्गातली एखादी कृती कशी करायची ते बदलता येते. व्याज असे न काढता तसे काढ, हे चालत्या प्रोग्रामला सांगता येते. पण नवी कृती घालता येत नाही, असलेली काढता येत नाही, नवे फील्ड घालता येत नाही आणि वर्गाची वंशावळही बदलता येत नाही.

फील्ड म्हणजे काय ते मला हजेरीपटावरून कळले. हजेरीपट छापून, शिवून येतो. रकाने ठरलेले असतात. वर्षाच्या मध्यावर एकाएकी 'रक्तगट' असा रकाना पाहिजे झाला, तर तो घालायचा कुठे? प्रत्येक पोराची ओळ आधीच आखून, भरून बसलेली असते. प्रोग्राम चालू असताना मशीनच्या स्मरणात अशा हजारो ओळी आखलेल्या असतात. त्यांच्या मध्येच जागा कशी निघणार?

"आणखी एक गंमत आहे," तो म्हणाला. "समजा, एखादी कृती अर्ध्यावर आली आहे आणि त्याच क्षणी मी तिचा कोड बदलला. मग काय होईल?"

"उरलेलं अर्धं नव्या पद्धतीनं."

"नाही. जी सुरू झाली ती शेवटपर्यंत जुन्याच कोडनं चालते. तीच कृती पुढच्या वेळी बोलावली की मग नवा कोड. शिवाय आधी मांडून ठेवलेल्या किमती तशाच राहतात. नवा कोड आला म्हणून कोणी त्या पुन्हा मांडत नाही."

मला आई आठवली. दशमान नाणी या देशात १ एप्रिल १९५७ रोजी आली, म्हणजे तिच्या जन्माआधी. तरी तिच्या तोंडी अजून 'बारा आणे काम झालं' असेच असते. तिने ते तिच्या आईकडून उचलले. सरकारने कायदा बदलला. बोलणे सुरू होऊन गेले होते.

तोवर सर्व्हर चालू झाला होता. त्याने अर्ज भरला, पडदे ओलांडले, आकडा पाहिला. "छे!" पुन्हा चूक. त्याने आणखी एक ओळ बदलली, पुन्हा मुंग्यांची रांग सुरू झाली आणि आम्हाला आणखी दोन मिनिटे मिळाली. अशी दोन-दोन मिनिटे करत आम्ही दीड वाजवला.

या अटींतून सुटायचा कोणी प्रयत्न केला नाही का, असे मी विचारले. केला होता. एस्टोनियातल्या टार्टू या गावच्या काही तरुणांनी २००७ साली एक साधन काढले. आज त्याला जेरेबेल म्हणतात. वर्ग स्मरणात बसवतानाच त्याची बांधणी ते जरा मोकळी ठेवते, म्हणजे पुढे नवी कृती, नवे फीलड घालायला वाव राहतो. त्याला पैसे पडतात आणि याच्या कचेरीने ते घेतलेले नाही. ऑस्ट्रियात लिन्झच्या विद्यापीठात थोमास व्युर्थिंगर या संशोधकाने २०१० च्या सुमारास दुसरीच वाट धरली. त्याने जावाच्या मशीनमध्येच फेरफार करून वर्गाचा आकारही बदलता येईल असे केले. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत तर १९८० च्या दशकात एर्लांग ही वेगळी भाषाच निघाली. तिचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजसाठी. हजारो माणसे बोलत असताना एक्स्चेंज बंद कसे करणार? म्हणून त्या भाषेत जुना आणि नवा असे दोन्ही कोड एकाच वेळी नांदू शकतात. ज्याचे जुन्यावर चालू आहे त्याचे चालू राहते, नवे येतात ते नव्यावर जातात. मात्र तिसरा कोड आला की पहिल्याला चिकटून बसलेल्यांना घालवून देतात.

"दोन पिढ्या चालतात, तीन नाही," मी म्हणालो. "आमच्या वाड्यात उलटं होतं."

"जावात एक साधी वाट आहे, सर. वर्ग बदलता येत नाही ना? मग तो बसवणाराच बदलायचा. नवा क्लासलोडर आणायचा, त्यानं सगळे वर्ग नव्यानं बसवायचे आणि जुन्या लोडरला त्याच्या सगळ्या वर्गांसकट सोडून द्यायचं. टॉमकॅट हेच करतो. स्प्रिंगवाल्यांनी तर दोन लोडर ठेवले. बाहेरून आणलेलं, न बदलणारं सामान एकाकडे आणि आपण लिहिलेलं, रोज बदलणारं दुसऱ्याकडे. बदल झाला की दुसरा तेवढा नवा. सर्व्हर सबंध उठवण्यापेक्षा हे लवकर होतं."

"मग यात खोट कुठे आहे?"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला, जुन्या कामांतला एक संदेश शोधून काढला आणि त्याचा अर्थ सांगितला. संदेशाचा आशय असा होता: 'कर्जअर्ज' ही वस्तू 'कर्जअर्ज' म्हणून स्वीकारता येत नाही.

मी दोनदा ऐकले. "अरे, नाव एकच आहे की!"

"नाव एकच. कोडही अक्षरशः तोच. पण एक जुन्या लोडरनं आणलेला, एक नव्यानं. जावा नुसत्या नावावरून वर्ग ओळखत नाही. नाव आणि आणणारा, दोन्ही मिळून ओळख. म्हणून या दोघांची एकमेकांना ओळख नाही. पूर्वी एवढंच लिहून येई आणि माणूस रात्रभर डोकं धरून बसे. आता कोणता कोणत्या लोडरचा तेही लिहून येतं."

मी हसलो नाही. मघाचा तो पुढे आलेला हात मला दिसत होता.

आता मी कचरलो होतो का, ते सांगितले पाहिजे. वीस वर्षांपूर्वी तो आठवीत होता. मी वर्गाला कृष्णेचा घाट काढायला सांगितला होता. त्याने ढोल्या गणपतीचे देऊळ नदीच्या अंगाने काढून आणले. पुरा वेळी पाणी फुटून दोन्हीकडे जावे म्हणून त्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे. घाटावर उभे राहणाऱ्याला देव दिसतो. ती भिंत पाण्यात उतरणाऱ्याला दिसते. ती भिंत, तिच्यावरची ओल आणि पायथ्याशी फुटणारे पाणी त्याने असे काढले होते की तेरा वर्षांच्या पोराचा हात त्यामागे असेल यावर माझा विश्वास बसेना. मी सबंध वर्गापुढे विचारले, "कोणाकडून काढून आणलंस?" तो म्हणाला, "मीच काढलं, सर." मी म्हणालो, "वर खोटंही बोलतोस!" आणि तो कागद फाडला. चार तुकडे केले. मी तेव्हा तरुण होतो, पोरांनी मला फसवू नये याचीच मला फार काळजी असे.

दोन वर्षांनी विज्ञानाच्या बाईंनी दहावीची प्रयोगवही कौतुकाने मला आणून दाखवली. पुष्पाचा उभा छेद, मानवी हृदय. मी पहिलीच आकृती पाहिली आणि वही मिटली. रेषा ओळखणे हा माझा धंदा. ही तीच रेषा होती. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून सांगायला काय हरकत होती? पण मास्तरने विद्यार्थ्याची माफी मागायची, हे त्या वयात मला जमण्यासारखे नव्हते. पुढे मी बदललो. त्यानंतर आजपर्यंत मी एकाही मुलाचा कागद फाडलेला नाही. कोणाचे चित्र संशयास्पद वाटले तर जवळ बसवून दुसरे काढायला लावतो. मी सुधारलो अशी माझी समजूत होती. सुधारलोही असेन. पण ती सुधारणा पुढे येणाऱ्यांसाठी होती. त्याचे जे चालू होऊन गेले होते ते जुन्याच कोडने शेवटपर्यंत चालले. आणि त्याच्या मनात जो मास्तर बसला होता तो आणि त्याच्या दिवाणखान्यात त्या रात्री बसलेला मास्तर, यांचे नाव एक होते एवढेच.

"या जुन्या लोडरचं पुढे काय होतं?" मी विचारले. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"जायला पाहिजे तो. जावात नको असलेलं स्मरणातून काढून टाकणारा एक असतो, गार्बेज कलेक्टर. पण ज्याला कोणीही धरलेलं नाही, त्यालाच तो नेतो. जुन्या लोडरनं आणलेली एखादी क्षुल्लक वस्तू जरी कुठे धरलेली राहिली, तरी तो जात नाही. वस्तूनं तिचा वर्ग धरलेला असतो, वर्गानं लोडर आणि लोडरनं त्यानं बसवलेले सगळेच्या सगळे वर्ग. डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर येताना वहीत नाव नोंदवतो, जाताना खोडत नाही, एवढ्यानं होतं. प्रत्येक बदलाला एक जुना संसार मागे राहतो. आठ-दहा वेळा झालं की जागा संपते आणि सर्व्हर पडतो. पूर्वी या वर्गांसाठी पर्मजेन नावाची ठरावीक जागा असायची, ती भरून जायची. २०१४ साली जावा ८ मध्ये ती काढून दुसरी सोय केली. पण धरून ठेवलेलं सोडलं नाही, तर कितीही जागा द्या, भरायचीच."

"म्हणजे चूक एवढीशी असते."

"एवढीशीच. पण सापडत नाही. कोणी धरलंय तेच कळत नाही."

रात्र बरीच झाली होती. खाली महामार्गावरून मालमोटारी जात होत्या. मी म्हणालो, "ते चित्र तुझंच होतं."

त्याने कोणते चित्र, असे विचारले नाही. पडद्यावरची रांग थांबली होती, सर्व्हर केव्हाच चालू झाला होता, पण त्याने कीबोर्डला हात लावला नाही.

"मला ते तू दहावीत असतानाच कळलं होतं," मी पुढे म्हणालो. "प्रयोगवहीतल्या आकृत्यांवरून. मी बोललो नाही. माझं चुकलं. कागद फाडला ते चुकलं आणि नंतर गप्प बसलो ते जास्त."

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "चित्र माझं होतं हे मला माहीतच होतं, सर. तुम्हाला माहीत आहे, हे माहीत नव्हतं."

मग त्याने उठून चहा केला. रात्री दोनला आम्ही चहा प्यालो. मी म्हणालो, "झालं ते झालं, आता सोडून दे," असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण ते म्हणण्याचा हक्क माझा नव्हता, म्हणून गिळला. त्यालाही ते कळले असावे. कप ठेवता ठेवता तो म्हणाला, "सर, जावात कलेक्टरला 'आता ये' असं सांगता येतं. पण ती नुसती विनंती असते. तो आपल्या वेळेनं येतो. आपण धरलेलं सोडायचं, एवढंच आपल्या हातात."

"आणि बँकेचा खरा सर्व्हर? तिथे लोक पैसे भरत असताना काय करता?" विषय बदलावा म्हणून मी विचारले.

"तिथे हे असले खेळ नाहीत. तिथे एकासारखे एक अनेक सर्व्हर चालू असतात. एकाकडे येणारी माणसं दुसऱ्याकडे वळवायची, त्याला बंद करून नवा कोड घालायचा, चालू करायचा, नीट चालतोय बघायचं, मग पुढचा. बाहेरच्याला वाटतं काहीच बंद पडलं नाही."

नवरात्रात आईने निरांजन पुढे केले तेव्हा मला आठवले ते हे. तिने जावाचे नावही ऐकलेले नाही. पण तेवत्या दिव्याची काजळी काढायची तर आधी दुसरी ज्योत लावावी, हे तिला तिच्या सासूने शिकवले होते. मी वर्षानुवर्षे तेवढेच केले नव्हते. काजळी दिसत होती, पण हात घातला तर मास्तरपणाचा दिवाच जाईल, या धास्तीने तिला हात लावला नव्हता. त्या रात्री हात घातला. दिवा गेला नाही. धूर मात्र झाला.

दसऱ्याला त्याचा फोन आला. आईला नमस्कार सांगितला. ती व्याजाची चूक अखेर सापडली, म्हणाला. ती त्या ओळीत नव्हतीच, भलत्याच ठिकाणी होती. मग म्हणाला, "दिवाळीत वाईला येतोय, सर. मुलीला घाट बघायचाय. वही आणते म्हणतेय. तुम्हाला दाखवायची आहे तिला."

"आण तिला. आणि तू?"

"मी बसेन तिच्याशेजारी."

चित्र काढीन असे तो म्हणाला नाही आणि मीही विचारले नाही. पण काल बाजारातून जाड कागद आणला आणि त्याचे तुकडे कापून ठेवले. एक लहान आहे, तिच्या मापाचा. दुसरा त्या वेळी वर्गात देत असू त्या मापाचा आहे. लागला तर लागला.